घुबडाची शिंगं

आमच्या चार चुलत घरांत मिळून मेंढरं कातरायची एकच कातर होती. ती आत्याकडे असायची, पत्र्याच्या पेटीत, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली. ज्याची पाळी असेल त्यानं सकाळी न्यायची आणि दिवे लागायच्या आत परत आणायची. आमची पाळी शेवटची, कारण आमची मेंढरं सगळ्यांत कमी. मंगळवेढ्याच्या पुढचा तो कोरडा मुलूख. दिवाळी झाली की आई-वडील मेंढरं घेऊन बागायतीच्या भागात निघायचे, ते मिरगालाच परत. मी आत्याजवळ राहून शाळा केली. नववीत होते तेव्हा सलग दोन वर्षं पाऊस गेला आणि वडिलांनी उरलेली मेंढरं विकून टाकली. कातरीची पाळी आली तेव्हा आत्याला म्हणाले, "अक्का, आमचं घर सोडून पुढं दे," आणि तोंड फिरवून बसले.

आमच्यात बायका सहसा कातर धरत नाहीत. आत्या धरायची. तिनं मलाही शिकवलं, आणि सुट्टीत मी तिची मेंढरं कातरत राहिले. मी आमच्या घरातली पहिली बी.ए. हे मुद्दाम लिहिते. लपवायचं काही कारण नाही, तसं कातरीचंही नाही.

कॉलेजसाठी सोलापुरात आले तेव्हा वसतिगृहात नंबर लागला नाही. पूर्व भागात, जिथं गल्लोगल्ली माग खटखटतात आणि घरांतून तेलुगू ऐकू येतं, तिथं एका दोन मजली घरावर 'खोली भाड्याने देणे' अशी पत्र्याची पाटी दिसली. ती इतकी सरळ ठोकलेली होती की बाकीची गल्लीच वाकडी वाटत होती.

दार एका उंच, वाळक्या गृहस्थांनी उघडलं. पांढरा शर्ट, आणि लोक जिथं पेन लावतात त्या खिशात तीनधारी कानस. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही.

"हात दाखव."

मी हात पुढं केला. अंगठ्याच्या मुळाशी घट्टा होता. तो त्यांनी न शिवता, मान तिरकी करून पाहिला.

"कातरीचा. पण शिंप्याचा नाही, शिंप्याचा बारीक असतो. धनगर?"

"हो. का? चालत नाही का?" माझा आवाज चढला असणार. त्याआधी दोन दारं आडनाव ऐकून लागली होती.

"लई चालतं की! सहा वर्षांत पहिल्यांदा कामाचा हात आलाय या दारात. खोली वर आहे."

ते आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला शिकवायचे, आता निवृत्त झाले होते. मी त्यांना सर म्हणायची. त्यांचं नाव इथं लिहीत नाही; गल्लीतही ते फारसं कोणी घेत नसे. समोर 'सर', आणि पाठ फिरली की 'घुबड सर'.

त्याला कारण होतं. सोलापुरात गिरण्या जोरात होत्या त्या काळी एका शेडमध्ये हातोडे, पाने, पकडी तयार व्हायच्या. प्रत्येक हत्यारावर एक लहान ठसा असायचा: दोन गोल डोळे, मध्ये चोच, डोक्यावर दोन टोकं. घुबड. कारखाना कधीचाच बंद पडला, शेड गेली, कागद गेले. पण 'घुबड छाप' हत्यारं अजून गॅरेजात आणि मागाच्या शेडमध्ये सापडतात, कारण ती मोडत नाहीत. सर स्वतः तसल्याच हातोड्यावर काम शिकले होते. वीस वर्षं त्यांना एकच प्रश्न खात होता: हे पहिल्यांदा घडवलं कोणी?

"बघ," ते मला समजावून सांगायचे, "आपला माणूस मोर छापेल, वाघ छापेल, देव छापेल. घराच्या आढ्यावर घुबड बसलं तर शांती करतो आपण. त्याचा ठसा कोण मारेल?"

यावर सगळ्यांचं उत्तर ठरलेलं होतं. कोणीतरी गोरा साहेब. गिरणीत यंत्रं बसवायला आलेला असेल आणि इथंच राहिला असेल. त्याला आधार म्हणून एक फोटो होता. कारखान्याच्या कचेरीत लागलेला तो फोटो सरांनी भंगारातून मिळवला होता. लेथजवळ उभा असलेला एक टोपीवाला माणूस. खाली नाव नाही, मागं काही लिहिलेलं नाही. सर त्याला 'आपला साहेब' म्हणायचे आणि दर रविवारी त्याची काच पुसायचे.

पुसणं, घासणं हा त्यांचा धर्मच होता. भंगारवाल्या चाचांकडून घुबड छाप काहीही आलं की आधी रॉकेलमध्ये बुडवायचं, मग पॉलिश पेपर, मग कानस. "गंज म्हणजे अफवा," ते म्हणायचे. "घासली की खरं काय ते कळतं. कानस खोटं बोलत नाही." चाचा हातगाडीवर बसून हसायचे. "सर, आपकू उल्लू मिल गया ना? फिर कायकू घासते? चमकाके उडाने का है क्या?"

घरात भांड्यांपेक्षा हत्यारं जास्त. भिंतीवर प्रत्येकाचा रंगानं काढलेला आकार. हातोडा जागेवर नसला तरी त्याची सावली तिथं असायची. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, त्यातल्या दोन खिळ्यांवर बिनदिक्कत झारा आणि उलथनं लटकवायच्या. आठवड्यानं त्या खिळ्यांवर झाऱ्याचा आणि उलथन्याचाही आकार रंगवलेला दिसला.

ठशांचा साठा ठेवायची सरांची रीत कुठंच पाहिली नाही अशी होती. कपडे धुवायच्या पिवळ्या साबणाची वडी कोमट पाण्यात मऊ करायची, ठसा तिच्यावर दाबायचा आणि बाजूला टोच्यानं ते हत्यार जिथं आहे त्या गावाचं नाव कोरायचं. असे साबण फळीवर ओळीनं. एका सोमवारी फळीवर एक जागा रिकामी दिसली.

"मोहोळची पक्कड कुठं आहे?" सर ओरडले.

"एमंडी," काकू मोरीतून म्हणाल्या. नवऱ्याला त्या अशीच तेलुगूत हाक मारायच्या. "मोहोळच्या पकडीनं माझी साडी धुतली. स्वच्छ निघाली हो. परत आणाल तेव्हा दोन आणा."

सर दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मोहोळला जाऊन पुन्हा ठसा घेऊन आले. काकूंसाठी एक कोरी वडीही आणली.

मी मराठी टायपिंग शिकले आहे हे कळल्यावर त्यांनी मला सांगितलं, "भाडं नको. माझं पुस्तक टाईप कर." मग दुपारी कॉलेजवरून आले की मी टाईप करायची आणि ते तपासायचे. तपासणं म्हणजे शुद्धलेखन नव्हे. छापलेल्या कागदाच्या कडेला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची लोखंडी पट्टी, लावायचा आणि खिडकीच्या उजेडात धरायचा. "उजेड दिसला की चूक," असं म्हणून समास वाकडा असलेली पानं परत द्यायचे. भाकरी वाकडी झाली म्हणून काकूंना काही म्हणायची मात्र त्यांची हिंमत नव्हती.

पुस्तकाचा गाभा होता तिसरं प्रकरण, 'घुबडाचे कान'. सरांना वीस वर्षांपूर्वी मिळालेला पहिला हातोडा देवघराच्या वर टांगलेला असायचा, आरशासारखा घासलेला. त्यावरच्या घुबडाला डोक्यावरची टोकं नव्हतीच, नुसते दोन डोळे आणि चोच. हातोडा सगळ्यांत जुन्या बनावटीचा. त्यावरून सरांनी सिद्धांत मांडला होता: साहेबानं पाडलेला मूळ ठसा बिनकानांचा, कान आपल्या कारागिरांनी मागाहून चढवले. म्हणजे सुरुवात साहेबाची. मी हे प्रकरण तीनदा टाईप केलं.

सोबत त्यांनी काढलेलं ठशाचं मोठं चित्र होतं. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच माझ्या मनात आलं की हे आपल्या कातरीवर आहे. फक्त आमच्याकडे त्याला कोणी घुबड म्हणत नाही. आत्या म्हणते एडका, म्हणजे नर मेंढा.

मी तीन महिने गप्प बसले. चूक माझी. मला वाटलं, एवढ्या शिकलेल्या माणसाला आपण मेंढरांतून आलेल्या पोरीनं काय सांगायचं? आणि खरं सांगायचं तर दुसरीही भीती होती. ते हसतील आणि मग आत्याची कातर माझ्याच नजरेत लहान होईल.

पुस्तक छापायला जायच्या आठ दिवस आधी सर म्हणाले, "शेवटचं वाचून घे. काही राहिलं असेल तर आताच बोल." मग मी बोलले. एका दमात सगळं सांगून टाकलं.

ते हसले नाहीत. खिशातली कानस काढून बोटांत फिरवत राहिले.

"कातर घेऊन ये."

"नाही येणार. आत्या ती वस्तीबाहेर देत नाही."

"मग मी येतो. कधी?"

मी आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "आता कशाला? चार दिसांवर खांडंनवमी हाय, तवाच या म्हनावं की. त्या दिशी समद्यांच्या कातरी भायेर निगत्याती."

खंडेनवमीला आम्ही दोघं एसटीनं गेलो आणि फाट्यापासून वस्तीपर्यंत चालत. सरांच्या पिशवीत रॉकेलची बाटली, पॉलिश पेपर आणि साबणाच्या बारा वड्या होत्या.

आत्याच्या अंगणात घोंगडं अंथरलं होतं. त्यावर वस्तीतल्या नऊ कातरी, जुनी आधी आणि नवी शेवटी अशा ओळीनं मांडलेल्या, शेजारी कोयते, कुऱ्हाडी, विळे. आत्या ओली हळद हातानं प्रत्येक पात्यावर फासत होती. सरांनी नमस्कार केला, खाली बसले, आणि सवयीनं रुमाल काढून हात पुढं केला.

"अवो अवो! हात लावू नगा," आत्या ओरडली. "आज हत्यारं पूजेला बसल्याती. उद्या दसऱ्याला उठत्याती."

"नुसतं पुसतो की. खूण दिसत नाही."

"पुसता? हळदीला बसल्याल्या पोरीची हळद पुसता व्हय तुमी?"

आजूबाजूची माणसं हसली. सर ओशाळले. आत्याचं लक्ष त्यांच्या खिशाकडे गेलं.

"त्ये काय हाय?"

"कानस."

"मंजी हत्यारच की. ठेवा हितं."

वीस वर्षांत झोपतानाच काय ती कानस त्यांच्यापासून लांब जात असेल. सरांनी ती काढली आणि घोंगड्यावर कातरींच्या शेवटी ठेवली. आत्यानं तिला हळद लावली, कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल. सर दोन्ही हात पाठीमागं बांधून उकिडवे बसले. हात मोकळे असते तर त्यांना आवरलं नसतं.

आणि म्हणूनच त्यांना दिसलं.

आत्यानं ओळीतल्या पहिल्या, म्हणजे आमच्याच कातरीच्या पात्यावरची जास्तीची हळद तळव्यानं निपटली होती. काळ्या लोखंडावरून ती निघाली, पण ठशाच्या बारीक रेघांत बसून राहिली. रॉकेलनं आणि कानशीनं कधी दिसलं नसतं ते चित्र पिवळं होऊन वर आलं होतं. दोन डोळे. मध्ये लांब नाकाड. आणि दोन्ही बाजूंनी कानांभोवती वळून खाली आलेली पीळदार शिंगं. तो एडकाच होता. पाळण्यातलं पोर म्हणालं असतं एडका.

"ह्याला तुमी घुबाड म्हनता?" आत्या म्हणाली. "मेंढराच्या कातरीवर घुबाड काय करील, अंडी घालील?"

सर ओळीनं पुढं सरकले. दुसऱ्या कातरीवर शिंगांचा पीळ फिकट होता. चौथीवर शिंगं अर्धीच. सातवीवर फक्त वरची दोन टोकं उरलेली, आणि नाकाडाची झाली होती चोच. नववी म्हणजे सरांच्या फळीवरचं घुबड. ज्या ठशानं ही खूण मारायचे तोच वापरून वापरून झिजत गेला होता, आणि एडक्याचं घुबड झालं होतं.

ते सरकत पुन्हा पहिल्या कातरीपाशी आले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्या हातोड्यावर डोक्यापासून डोळ्यांच्या बाजूला उतरलेले दोन वाकडे ओरखडे होते. मला वाटलं, कोणाची तरी छिन्नी घसरली. मी घासून काढले."

मला देवघरावरचा तो आरशासारखा हातोडा आठवला.

"दोन दिवस घासत होतो," ते म्हणाले. "शिंगं होती ती."

दुसरा कोणी असता तर तिथून उठला असता. सर उठले नाहीत. त्यांची कानस बसलेली होती, ती घेतल्याशिवाय जाणार कसे? रात्री आमच्याकडेच मुक्काम केला. पण दिवस मावळायच्या आत त्यांनी आयटीआयची परीक्षा मांडली. वस्तीतली तीन म्हातारी माणसं निवडली आणि प्रत्येकाला वेगळ्या झाडाखाली बसवलं, एकमेकांचं ऐकू नये म्हणून. तिघांना एकच प्रश्न: तुमची कातर कोणी, कुठून आणली? त्यातली एक आत्या होती.

"माज्या आज्ज्यानं आनली," ती म्हणाली. "सोलापूरला गिरनीच्या मागं लोहाराचं पाल ठोकल्यालं हुतं, तितनं. घोंगडं दिलं आन कातर घेतली. लोहार चिमट्यात धरायचा आन लोहारीन घण घालायची. ठसा तिचाच. लिवता कुटं येत हुतं कुनाला? एडका बगितला की वळखायचं, आपल्या कामाचं हाय."

"मग कारखाना?"

"म्होरं एका शेटनं त्यास्नी शेडात बसिवलं म्हनं. मंग हातुडं आन काय काय. ठसा त्योच ऱ्हायला."

"लोहारणीचं नाव काय?"

आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं. "नाव कोन इचारतंय सर? समदी लोहारीन म्हनायची."

तिघांचं बाकी काही जुळलं नाही. कोणी पाल ओढ्याकाठी सांगितलं, कोणी वेशीबाहेर. शेठ एकानं मारवाडी सांगितला, दुसऱ्यानं गुजराती, आणि आत्याला आठवत नव्हता. पण घण घालणारी लोहारीण तिघांच्याही सांगण्यात होती. सरांनी वहीत लिहिलं: घोंगड्याच्या बदल्यात कातर, म्हणून पावती नाही, म्हणून त्या लोहारांचा कागदावर मागमूस नाही.

दसऱ्याला सोनं वाटून झालं, हत्यारं उठली. सरांनी आत्याची परवानगी काढून हळदीसकट नऊ ठसे साबणावर घेतले. कानस खिशात ठेवली, तीही न पुसता.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "मग तो टोपीवाला कोण हो सर?"

"लेथ विकायला आला असेल."

"असेल?"

"असेल म्हणजे माहीत नाही. तसंच टाईप कर. माहीत नाही."

पुस्तक थांबलं. त्यांचे दोन जुने विद्यार्थी पुस्तकाच्या प्रकाशन समारंभाचं ठरवायला आले होते. आता मोठ्या वर्कशॉपचे मालक. सगळं ऐकून त्यातला एक म्हणाला, "सर, राहू द्या ना साहेब. साहेब म्हटलं की कारखान्याला वजन येतं. पालातली लोहारीण कोण वाचणार?"

माझ्या ओठांवर आलं होतं काहीतरी. पण सरांनी देवघरावरचा हातोडा उतरवून त्याच्या हातात दिला.

"वजन बघ."

त्यानं हातावर तोलला.

"साहेब काढून घेतला. कमी झालं का?"

काकूंनी आतून चहा आणला. कप ठेवता ठेवता त्या मला म्हणाल्या, "वीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस चुकलाय. चेहरा बघ, किती बरा दिसतोय."

आणि खरंच बरा दिसत होता. त्या वर्षभरात मी सरांना जितकं खूश पाहिलं तितकं आधी कधी पाहिलं नव्हतं. तिसरं प्रकरण त्यांनी स्वतः फाडलं. त्या जागी एकच पान लिहिलं. मी टाईप केलेलं सगळ्यांत लहान पान तेच: "माझ्याकडील सर्वांत जुन्या हातोड्यावर डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना रेघा होत्या. त्या ओरखडे समजून मी घासून काढल्या. ती शिंगेच होती असे मला वाटते. पण दाखवता येत नाही, कारण घासणारा मीच." गुण्या लावून त्यांनी पान उजेडात धरलं. समास अगदी सरळ होता.

आता त्यांच्या खिशात कानशीच्या जोडीला हळदीची पुडी असते. भंगारात काही मिळालं की रॉकेल नाही, घासणं नाही. चिमूटभर हळद चोळायची, तळव्यानं निपटायची आणि बघायचं. चाचा म्हणतात, "सर, उल्लू की शादी है क्या?" काकूंची तक्रार अशी की आधी साबण पुरत नव्हता, आता हळद पुरत नाही.

मी सध्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरीला आहे. खोली सोडली, पण रविवारी जाते. दार उघडलं की सर अजून आधी हाताकडेच बघतात. "घट्टा मऊ पडला," असं म्हणतात. मग मी दिवाळीच्या सुट्टीत वस्तीवर जाते. वडिलांनी पुन्हा आठ मेंढरं घेतली आहेत, आणि कातरीची पाळी आमच्या घराकडे परत आली आहे. आता कातर मीच धरते.

पुस्तक गेल्या दसऱ्याला निघालं. मुखपृष्ठावर आत्याची कातर आहे, हळद लावलेली. आत लिहिलं आहे की घुबड छाप हा मुळात एडका होता, तो पहिल्यांदा मेंढरांच्या कातरीवर उमटला, आणि जुन्या माणसांच्या सांगण्याप्रमाणे तो सोलापुरात पालात राहणाऱ्या एका लोहारणीनं मारला. तिचं नाव मिळालेलं नाही. तिथं जागा मोकळी ठेवली आहे. आभाराच्या पानावर पहिलं नाव आत्याचं आहे आणि दुसरं माझं, पुढं बी.ए. लिहिलेलं. आमच्या घरातली नावं पुस्तकात छापून आली, ती ही पहिल्यांदाच.